मशीनीच्या तोंडातली वाकडी पिन

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. यांना न्हाई, पोरींनाही न्हाई. मग तुमाला काहून सांगून राहिले? — तुमी हसाल म्हणून. हसा खुशाल. गोष्ट हसण्यासारखीच आहे — बरीचशी.

निजामाच्या राज्यात हिंगोलीला आमचं टांग्याच्या गाद्या मढवायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. घरात सासू, दोन जावा, दीर, लेकरं — दिवसा नवऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय न्हाई. पण गादीला कापड ठोकताना यांना चुका लागायच्या — बारीक खिळे हो — आन् त्या एकेक करून हातात द्यायला माणूस लागायचं. ते माणूस मी! तळहातावर चुका घेऊन बसायचं, एक द्यायची, यांनी ठोकायची, आन् ठोकण्याच्या आवाजात हळूच बोलून घ्यायचं. सासूला वाटायचं, सून काय कामसू आहे.

मग मोठी लढाई संपली आन् हे सिकंदराबादेच्या लष्करी लिलावातून पिना मारायची मशीन घेऊन आले. लोखंडी, मुठीत धरायची. मागची दांडी ओढायची, पिनांची पट्टी, पिनांचे पाय खाली येतील अशी, आत सोडायची, दांडी लोटून खटका बसवायचा. कापडावर तोंड टेकवून मूठ दाबली की — खट्! पिन लाकडात. हे लेकरासारखे खूश. म्हणाले, "आता चुका नकोत, आन् चुका देणारी बी नको."

चेष्टाच होती. मला कळत नव्हतं का? कळत होतं. तरी चार दिवस मी चुलीपुढं जळत बसले, आन् बाहेर हे एकटेच — खट्, खट्.

शेजारी करीमभाई राहायचे. टांग्याचा सांगाडा ते घडवायचे, गाद्या आमी करायचो. पन्नाशीचे सुतार, पण मशीन पाहिली की डोळे असे चमकायचे! एका दुपारी यांना विचारून त्यांनी दोन पिना मारल्या, "क्या बात है!" म्हणत घरी गेले. हे जेवायला आत आले. दुकान राखायला मी बाहेर. आन् मी — आता सांगतेच — एक पिन घेतली, दाताखाली दुमडली, आन् दाभणानं मशीनीच्या तोंडात खोल कोंबली.

यांनी येऊन मूठ दाबली. पिन निघेना. तेल घातलं, पट्टी बदलली, मशीन आपटून पाहिली — न्हाईच. डोंगरकडा गावच्या गिऱ्हाइकाचा टांगा तर दुसऱ्या दिवशी वरातीला जायचा. "शेवटचा हात कुणाचा लागला?" म्हणाले, आन् करीमभाईंना हाक मारली.

करीमभाईंचं तोंड एवढंसं झालं. "माझाच हात जड, भाऊ. रंदा मारायची सवय. जोरात दाबलं असंल."

मी तिथंच उभी होते. बोलले का? बोलले की — "जाऊ द्या हो, चुका आणू का?"

त्या दिवशी आमी दोघं दिवेलागणीपर्यंत बसलो. एक चूक द्यायची, एक ठोकायची. खोटं काहून सांगू — संसारात इतका गोड दिवस मला थोड्याच वेळा मिळाला.

आठ दिवसांनी मीच दाभण घालून ती पिन बाहेर काढली, पदरात लपवली. "बघा बरं, चालते का." चालली! यांनी गावभर करून टाकलं — आमची बायको विलायती मशीन दुरुस्त करते. हट्टा गावाहून एक जण शिवणाची मशीन बैलगाडीत घालून माझ्याकडं घेऊन आला, सांगा आता! आन् पट्टी भरायला, अडकली तर बघायला, मला यांच्या शेजारी रोजची बैठक मिळाली. जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं.

मग एक दिवस करीमभाई आले. मशीनीसाठी सागाची पेटी करून आणली होती. एक खिळा न्हाई तिला, नुसते सांधे. "वैनी, मी बिघडवली, तुमी सुधारली. एवढी तरी भरपाई घ्या."

मी दोन्ही हातांनी घेतली. म्हणाले, "कशाला तकलीफ घेतली, भाई?"

त्यानंतर दुकानात आले की ते दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. "मी लांबूनच बरा!" सगळे हसायचे. सगळ्यांत मोठ्यानं मी.

पुढं दहा-बारा वर्षं ते भिंतीला भिंत लावून राहिले. मशीनीला हात म्हणून लावला न्हाई. एकदा मात्र दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मी पडद्याआडून पाहिलं — पेटी उघडी होती, आन् करीमभाई मशीनीवर वाकून निरखत होते. कुणी बघत नव्हतं, तरी हात पाठीमागंच. 'घ्या भाई, दाबा,' एवढंच म्हणायचं होतं.

मी आत निघून गेले. आत काहीच काम नव्हतं.