फाटकावरच्या सहा खुर्च्या

मास्तरांच्या कारखान्यातून बाहेर पडलेला माणूस कसबा पेठेत लांबून ओळखू यायचा. त्याच्या पँटवर मागे खडूची पांढरी पूड असायची. दाराशी खोक्याच्या लाकडातून ठोकलेली एक कच्ची खुर्ची ठेवलेली असे आणि तिच्यावर मास्तर रोज सकाळी स्वतःच्या हाताने पूड भुरभुरवत. पोस्टमन येवो, गॅसची टाकी आणणारा येवो की मोटारीतून उतरलेलं गिऱ्हाईक, आधी बसायचं, मग बोलायचं. माणूस उठला की मास्तर चष्मा कपाळावर चढवून वाकत आणि पुडीतला ठसा निरखत. कुणी चिडून कपडे झटकायला लागलं तर शांतपणे म्हणत, "झटकू नका. घरच्यांना कळू दे, तुम्ही कुठेतरी नीट बसला होतात."

फर्निचर डिझायनर हा शब्द त्यांना आवडत नसे. काही वर्षं एका तंत्रशाळेत शिकवलं म्हणून सुतार त्यांना मास्तर म्हणत, तेवढं पुरे होतं. मी इंटिरियरचा डिप्लोमा घेऊन त्यांच्याकडे लागले, ती पहिल्याच दिवशी ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून. त्यांनी ती उलगडली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "छान आहे. पण कागदावर कोण बसणार?" त्यांच्याकडे कागद सगळ्यांत शेवटी यायचा. आधी महिना-महिना नुसतं बघणं. ससून इस्पितळाच्या रांगेत, कोर्टाच्या व्हरांड्यात, स्वारगेटच्या फलाटावर ते मला घेऊन जात आणि दमलेली माणसं कशाला टेकतात ते पाहायला लावत. मग कच्ची खुर्ची, मग पूड, मग तासणी, पुन्हा पूड. एकेका खुर्चीला चार-चार महिने लागत. मला या सगळ्याचा वैताग यायचा आणि तो मी लपवतही नसे.

ठशांतून ते काय वाचत, हे समजायला मला वर्ष लागलं. मोटारवाल्याचा ठसा अख्ख्या बैठकीवर पसरलेला असे. टाकीवाल्याचा मात्र पुढच्या चार बोटांत, कडेला. हुकूम झाला की लगेच उठता यावं, अशा बेताने तो टेकलेला असायचा. "हा बसलाच नाही," मास्तर म्हणायचे, आणि पुन्हा रंधा हातात घ्यायचे. हाताची पट्टी रुंद करायचे, पाठ थोडी खाली आणायचे, पाठीचा मिरवणारा माथा कापून टाकायचे. टाकीवाल्याचा ठसा मागपर्यंत पोचला की खुर्ची झाली. मग कागद.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे आजोबा वर्ध्याकडचे. गावात त्यांना उभ्या जन्मात कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. पुढे वडील खडकीच्या कारखान्यात लागले, येरवड्यात बिऱ्हाड केलं, आणि ज्या वर्षी घराने बुद्धधम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी एक लाकडी खुर्ची आणली. आजोबांसाठी. आजोबा तिच्यावर कधीच बसले नाहीत. तिच्याशेजारी जमिनीवर बसायचे आणि एक हात तिच्या बैठकीवर ठेवायचे. "मी अजून त्यांचीच खुर्ची करतोय," मास्तर म्हणाले. "बसायला भीती वाटणार नाही अशी. अजून जमलेली नाही." मी मान डोलावली होती. तेव्हा मला वाटलं होतं, मला सगळं समजलं.

पुढची वर्षं आमच्यावर उलटली. नगर रस्त्यावर, खराडीपासून थेट वाघोलीपर्यंत इमारती उभ्या राहू लागल्या, संगणकवाल्यांना एकेका आठवड्यात घर सजवून हवं झालं. प्लायवुडवर सनमायका चिकटवून लोक मोकळे होत होते. एका जोडप्याने टीव्हीवरच्या मालिकेत असतो तसा सोफा मागितला, तर मास्तर म्हणाले, "करून देतो. पाहुणेही मालिकेतूनच बोलवा." जोडपं पुन्हा आलं नाही. असं बरेच जण पुन्हा आले नाहीत. पाच सुतारांपैकी दोघांना घरी बसावं लागलं. मास्तरांच्या अशा बोलण्यावर आम्ही हसायचो. पण नंतर मला त्यांचा रागच येऊ लागला. ताठ राहायची त्यांची हौस बाकीच्यांना परवडत नव्हती, असं मला वाटे आणि आजही थोडं वाटतं.

अशात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची दीडशे खुर्च्यांची ऑर्डर आली. मास्तरांची मागे टेकून बसायची खुर्ची, माझ्या तिथल्या सात वर्षांतली सगळ्यांत चांगली, कंपनीच्या साहेबांना कुणाच्या तरी घरी बसून आवडली होती. मास्तरांची अट एकच. अशाच सहा खुर्च्या फाटकावर, पहारेकऱ्यांसाठी. त्या नसतील तर बाकीच्याही नाहीत. निरोप घेऊन मी गेले. तिथला व्यवस्थापक तरुण होता, गोड बोलणारा. "मॅडम, गार्ड बसलेला दिसला की क्लायंटला वाटतं झोपलाय. त्या सहा आपण कॅन्टीनमध्ये लावू. तुमच्या सरांना कशाला त्रास देता?"

मी मास्तरांना येऊन सांगितलं की अट मान्य आहे.

सुतारांच्या पोटासाठी खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते निम्मंच खरं आहे. माझ्या हाती आलेलं ते पहिलं मोठं काम होतं आणि मला ते हवं होतं. खुर्च्या गेल्या. मास्तरांनी त्या सहा स्वतः घासल्या, इतर कुणाला हात लावू दिला नाही. त्या घासताना ते गुणगुणत होते आणि मी शेजारी बसून पॉलिशचा डबा धरला होता.

दिलेली खुर्ची महिन्याभराने पाहून यायची त्यांची पद्धत होती. मी दोनदा काहीबाही सांगून टाळलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही, भर दुपारी एकटेच बसने गेले. फाटकावर एक म्हातारा पहारेकरी उन्हात उभा होता. मास्तरांनी त्याला खुर्च्या कुठे आहेत म्हणून विचारलं. "खुर्ची कुठली साहेब, हितं स्टूलबी नाय," तो म्हणाला. "बसल्यालं दिसलं की दुसऱ्या दिशी घरी धाडत्यात."

हे त्यांनी परत आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं, आवाज न चढवता. मी बोलायला लागले, सुतार, ऑर्डर, दिवस कसे आहेत, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. एरवी ते मला अगं-तुगं करत.

"ते नाही म्हणाले, हे आपण मला सांगायचं होतं," ते म्हणाले. "मी ऑर्डर सोडली असती. कदाचित नसतीही सोडली. सुतारांची तोंडं मलाही दिसतात. पण ते माझं मला ठरवू द्यायचं."

मग त्यांनी त्या खुर्चीचं मूळ ड्रॉइंग काढलं, टेबलावर पसरलं आणि खाली कोपऱ्यात लिहिलेलं आपलं नाव खोडरबराने सावकाश पुसलं. कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. पुसून झाल्यावर फुंकर मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "इथे आपलं नाव घाला. उद्यापासून येऊ नका."

ते मला ओरडले असते तर मी रडले असते, पाया पडले असते. त्यांनी तेवढीही सवड दिली नाही, म्हणून मी त्यांच्यावर कितीतरी वर्षं चिडून होते. कंपनीच्या साहेबांना त्यांनी एक पत्रसुद्धा लिहिलं नाही. सगळी शिक्षा मला एकटीला. तीन वर्षांनी कारखाना बंद झाला. ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातल्या चार ओळींतून कळलं, तोवर चौदा दिवस उलटले होते.

ड्रॉइंगवर मी माझं नाव घातलं. त्याच खुर्चीवर माझा धंदा उभा राहिला. बाणेर, बालेवाडी, खराडी, पुण्यातल्या निम्म्या नव्या ऑफिसांत ती सापडेल आणि लोक तिच्यात मागपर्यंत टेकून बसतात. दर नव्या ऑफिसचा करार करताना माझ्या मनात येतं, की सहा खुर्च्या फाटकावर लावा म्हणून सांगावं. एकदाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर समोरचा काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, आणि त्यानंतर मी काय करीन तेही.