साडूंचा फिरता पडदा

देवाने जगातल्या सगळ्या वस्तू अर्धवट करून सोडल्या आणि त्या पुऱ्या करण्यासाठी आमच्या साडूंना मखमलाबादला जन्माला घातलं, असं माझं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरची झेंडूची आणि भाजीपाल्याची शेती. पहाटे फुलं मार्केटला पोचवून आले की हात मोकळे, आणि साडूंचे मोकळे हात हीच त्या घराची खरी धास्ती. तिथली एकही वस्तू कंपनीने नेमून दिलेलं काम करत नाही. वॉशिंग मशीनमध्ये गाजरं धुतली जातात. मिक्सरच्या मोटरवर पिठाची चाळणी हलते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की बाकीची मंडळी पंख्याखाली बसतात, साडू पंख्याकडे बघत बसतात आणि चहा यायच्या आत विचारतात, "पाव्हणं, एखादा पान्हा हाय का घरात?" मी बल्ब बदलायलासुद्धा वायरमनला बोलावणारा माणूस. माझ्याकडे पान्हा नाही याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की माझ्या वाढदिवसाला त्यांनी पान्ह्यांचा अख्खा सेट आणला, त्याने आमच्या दाराची कडी नीट केली आणि जाताना सवयीने सेट परत घेऊन गेले.

त्यांचं लग्नसुद्धा एका यंत्रामुळेच जमलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. आमच्या सासऱ्यांचं जुन्या नाशकात, घराखालीच, व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ताईला बघायला वरपक्ष आला, पोहे झाले, मुलीला स्वयंपाक येतो, विणकाम येतं, असं सगळं सांगून झालं. तेवढ्यात माझी बायको, जी तेव्हा शाळेत होती, मधेच म्हणाली, "आणि विमानाच्या गेममध्ये ताईला कुणीच हरवू शकत नाही!" सासरे ओशाळले. साडूंनी मात्र पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बघाया मिळंल का?" मग सगळी मंडळी जिना उतरून खाली. त्या विमानाच्या मशीनचा पडदा इतरांसारखा आडवा नव्हता, दारासारखा उभा होता. विमान तळातून निघायचं आणि वर वर जायचं. ताईने पदर खोचला आणि जी उभी राहिली, ती हलेचना. शेवटी नवऱ्यामुलाचे काका वैतागून म्हणाले, "लाइट गेली तरच हिचं इमान पडंल. चला आता, टेम्पोवाला थांबलाय." टेम्पोत बसता बसता साडूंनी काकांना सांगून टाकलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

पुढे ताई फुलांच्या ढिगात, गोठ्यात आणि मुलांच्या शाळेत बुडून गेली. घरोघरी कॉम्प्युटर आले, सासऱ्यांचं दुकान बंद पडलं, मशीनं भंगारात गेली, आणि काही वर्षांनी सासरेही गेले. ताई त्या दुकानाबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला मात्र ती माझ्या बायकोला एवढंच म्हणाली, "बाबांच्या त्या विमानाच्या मशीनचा साधा एक फोटोपण नाही गं आपल्याकडे." साडू तेव्हा पंगतीत खीर वाढत होते. ते जागच्या जागी थांबले. माझ्या वाटीत खीर तेवढी अर्धीच पडली.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी प्लायवूड आणलं. मुलांचा जुना कॉम्प्युटर आत, काचेच्या नळीचा भला मोठा टीव्ही समोर, खाली दांडी आणि बटणं. सासऱ्यांच्या दुकानातल्यासारखं मशीन उभं राहिलं. मुलं मारामारीच्या गेमवर तुटून पडली. मग साडूंनी विमानाचा गेम लावून ताईला बोलावलं. आडव्या टीव्हीवर ते विमान मधल्या चिंचोळ्या पट्टीत कसंबसं उडत होतं आणि दोन्ही बाजूंना नुसता काळोख. ताई हात पुसत आली, बघितलं आणि म्हणाली, "छान केलंय हो. पण हे ते नाही. त्याचा पडदा उभा होता." आणि पोळ्या करायला निघून गेली.

टीव्ही उभा करावा तर मुलांचे पैलवान आडवे होणार. कुणीही शहाण्या माणसाने दुसरा टीव्ही आणला असता. मी तसं सुचवलंही. साडू म्हणाले, "मग त्यात आपलं काय ऱ्हायलं?" टीव्ही फिरवायचा! जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा तुंबा, म्हणजे चाक ज्याच्याभोवती फिरतं तो मधला भाग, टीव्हीच्या पाठीशी बसवला. लिंक रोडच्या भंगार बाजारातून जीपच्या वायपरची मोटर आणली, तिला सायकलची चेन जोडली. टीव्ही एका अंगाने जड, म्हणून दुसऱ्या अंगाला तराजूची वजनं बांधली. एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं आणि मशीनला लावलेलं दाराच्या बेलचं बटण दाबलं. दोन माणसांनी उचलायचा तो टीव्ही सावकाश, कुरकूरसुद्धा न करता कलला आणि उभा राहिला. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना पुन्हा पुन्हा बटण दाबायला लावलं.

ताईला ते दाखवायचं होतं दसऱ्याला. त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, आणि झेंडूवाल्यांच्या घरी हारांना काय तोटा! साडूंनी मनगटाएवढा जाड हार मशीनला चांगला आतूनबाहेरून गुंडाळला, नारळ फोडला आणि बटण दाबलं. हार चेनमध्ये गेला. मोटर कण्हली, पाकळ्या छतापर्यंत उडाल्या आणि टीव्ही मधेच तिरका अडकला. मुलं माना वाकड्या करून खेळू लागली. साडूंच्या आई म्हणाल्या, "आरं, हार देवाला घालायचा, चाकाला कशापायी घातला?" ताई मात्र पोट धरधरून हसली, आणि मग साडूंच्या शेजारी बसून चेनमधून एकेक पाकळी वेचू लागली.

टीव्ही पुन्हा फिरायला लागला, पण खरं संकट त्यानंतर आलं. पडदा उभा केला की वरच्या कोपऱ्यात जांभळा डाग पडायचा. टीव्ही मेकॅनिक म्हणाला, नळी फिरवली की पृथ्वीचं चुंबक रंग ओढतं. साडूंनी मशीनचं तोंड पूर्वेला केलं, दक्षिणेला केलं, तारेचं वेटोळं करून, त्यात वीज सोडून, पडद्यापुढे आरती ओवाळल्यासारखं फिरवलं. डाग तेवढ्यापुरता जायचा आणि परत यायचा. साडू ताईला मशीनजवळ येऊ देईनात. दिवाळीत आमच्याकडे आले तेव्हा पंखा करकरत होता, तरी त्यांनी वर पाहिलं नाही. मी मनातून घाबरलो.

फुलांचा हंगाम संपल्यावर एका दुपारी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. साडू चहा घेत होते. ताई आपणहून मशीनपाशी गेली आणि तिने बटण दाबलं. टीव्ही उभा राहिला. साडू स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावले. "थांब गं, लगेच नको बघू. डाग हाय अजून. काढतो मी."

ताईने त्या जांभळ्या डागावर बोट ठेवलं.

"अहो, राहू द्या," ती म्हणाली. "आमच्या मशीनवर असाच होता. बाबांना कधी काढता आला नाही. ते म्हणायचे, तो ढग आहे, त्याच्याआड लपायचं."

मग तिने पदर खोचला. विमान तळातून निघालं आणि वर वर गेलं. ताईचे डोळे वाहत होते, पण हात चुकत नव्हता. साडू तिच्या मागे उभे होते, बघायला आले होते त्या दिवशीसारखे, आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

आता सपाट टीव्ही आलेत, काचेची नळी कुठे मिळत नाही. साडूंनी त्या मशीनची मोटर बदलली, चेन बदलली, बटणं तर कितीदा बदलली. डागाला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. त्या घरात त्यांनी अर्धवट राहू दिलेली तेवढी एकच गोष्ट आहे.