अंधारखोलीतला डोळा

लग्नाचे फोटो धुऊन विटलेले फोटोकाका प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत नोकरीला लागले. एकदा ते उंदरांना गाठी आणणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा सूक्ष्मदर्शकातून काढलेला फोटो धूत होते. कागदावर आधी डीएनएची गोल कडी उमटली, मग तिची एक बाजू फाकून तिथे डोळा उघडला.

"बाई, ही जिवंत आहे का हो?" त्यांनी संशोधक बाईंना विचारलं.

"छे! स्वतःची नक्कल करता करता थांबवलंय तिला. डोळा दिसतो तेवढीच नक्कल झालीय."

"आणि बाकीच्या कड्या?"

"त्यांचं बाटलीतल्या पेशींत चालूच आहे."

काकांनी सगळे फोटो भिंतीकडे तोंड करून टांगले. बाई खूप हसल्या आणि फोटो तपासायला एकट्याच आत गेल्या. थोड्याच वेळात दार किलकिलं झालं.

"काका, जरा आत येऊन बसता का?"