रिकामी ठेवलेली जागा

भोंगामामा प्रचाराच्या गाडीवर बोलायचा. गाडी चालवायचो मी, शेजारी माईक धरून तो. नात्याने माझा कोणी नव्हता, पण अख्खी गल्ली त्याला मामाच म्हणायची. आजवर निवडून आलेल्या सगळ्यांची आणि पडलेल्या बहुतेकांची तारीफ त्याने सारख्याच जोरात केलेली.

यंदा मात्र तो मनापासून बोलत होता. रस्ता रुंद करण्यात आमची खोल्यांची रांग जाणार होती. ती वाचवू असं आमचे साहेब म्हणाले होते. त्यांच्या विरोधात कंत्राटदार उभा होता, आणि रस्ता त्यालाच करायचा होता. मामीने तर धास्तीने भांडी पोत्यात भरूनही ठेवली होती.

अशात साहेब वरच्या मंडळींना भेटायला गेले. अर्ज मागे घ्यायची मुदत संपेपर्यंत प्रचार बंद, असा निरोप आला. नवरदेवच नाही आणि वऱ्हाड मांडवात, अशी आमची गत. कार्यालयात नुसत्या माशा मारत होतो. कोणी पत्ते कुटायचं, कोणी झेंड्यांच्या गठ्ठ्यावर घोरायचं. चहा कोणी मागवायचा यावर मॅनेजर रोज नवा वाद उकरून काढायचा.

"मामा, तुम्ही पण जरा पडा की," मी म्हणालो.

"घसा एकदा झोपला की उठत नाही बाबा."

तो मागच्या खोलीत गेला, बाहेरचा आवाज नको म्हणून खिडकीला गादी लावली आणि रेकॉर्डिंग करत बसला. चिन्ह मिळायचं होतं, म्हणून नेहमीच्या पद्धतीने त्याने नाव आणि चिन्हाची जागा रिकामी ठेवली; ती दोन्ही मागून एकत्रच भरायची. बाकी सगळं बोलून टाकलं. "आयाबहिणींनो, मी याच गल्लीतला. माझंही घर याच रांगेत आहे. आपल्या चुली आहेत तिथेच राहतील. हा माझा शब्द." पत्ते खेळणारे थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मुदतीच्या दिवशी साहेब गळ्यात हार घालूनच परतले. अर्ज मागे, आणि पाठिंबा कंत्राटदाराला. दुपारपर्यंत भिंतीवरचे फलक बदलले. मॅनेजरला ते रेकॉर्डिंग सापडलं. रिकाम्या जागी त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात कंत्राटदाराचं नाव आणि चिन्ह चिकटवलं.

"ते पुसून टाका," मामा म्हणाला. "ते माझं आहे."

"तुमचं कसं? मशीन कार्यालयाची. आणि मामा, झकास झालंय हो. उगाच कशाला पुसायचं?"

गाडी कंत्राटदाराच्या माणसाने नेली. आम्ही दोघे पायीच निघालो.   मेल्या घरी माणूस बसतो तसा मी त्याच्यासोबत चालत राहिलो.

गाडी ते रेकॉर्डिंग वाजवत आमच्याआधी गल्लीतून फिरून गेली होती. मामीने पोतं रिकामं केलं होतं, भांडी धुऊन उंबऱ्याशी पालथी घातली होती. शेजारच्या दारांतही गाठोडी सुटत होती.

"ऐकलं हो मी," मामी म्हणाली. "कंत्राटदाराने तुमचं ऐकलं म्हणायचं शेवटी. शेजारीण विचारत होती, भरवसा ठेवायचा का? मी म्हटलं, अगं, यांनी स्वतःचा शब्द दिलाय."

  मामी भांडी परत माळ्यावर लावायला स्टुलावर चढून हात पुढे करून उभी होती.

"मोठं पातेलं आधी द्या," ती म्हणाली.

त्याने पातेलं पुसलं आणि तिच्या हातात दिलं.