न केलेल्या प्रवासाचं भाडं

आम्ही राहतो वसईत, कोकणच्या गाडीत चढतो वसईला, पण आमचं तिकीट मात्र वलसाडहून असतं. मी लहान होते तेव्हापासून हे असंच आहे. गुजरातेतून खाली येणाऱ्या गाड्यांमध्ये वसईच्या वाट्याला जागा थोड्या. वसईहून कुडाळचं तिकीट मागितलं की वेटिंग, तेच वलसाडहून मागितलं की कन्फर्म. गाडी तीच, डबा तोच, कधी कधी बर्थही तोच. दीडशेक किलोमीटर जास्तीचे, पण त्यांचे पैसे फारसे पडत नाहीत, कारण अंतर वाढत जातं तसा दर उतरत जातो.

बाबांना या गोष्टी तोंडपाठ असतात. वसईहून पनवेलला स्लीपरने जायचं म्हटलं तरी निदान दोनशे किलोमीटरचं भाडं भरावं लागतं, हे त्यांनी मला मी पाचवीत असताना सांगितलं होतं. "लांबच्याला स्वस्त, जवळच्याला महाग," ते म्हणायचे. "नातेवाईकांतपण असंच असतं." आई कुडाळची, माहेर लांबचं, त्यामुळे हा टोमणा आपल्याला आहे की आपल्या बाजूने आहे हे तिला कधी ठरवता आलं नाही. आईच्या बाबतीत तर रेल्वेने आणखी एक गंमत केली. बायकांना अठ्ठावन्न वर्षं झाली की तिकिटात सवलत मिळायची. आई अठ्ठावन्नची व्हायच्या आतच ती बंद झाली.

वलसाडचं तिकीट काढून वसईला चढायचं तर चढण्याचं स्टेशन बदलून घ्यावं लागतं. नाहीतर वलसाडला आपण दिसलो नाही की टीसी जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. पूर्वी त्यासाठी रिझर्वेशनच्या खिडकीवर अर्ज द्यावा लागे. तो अर्ज लिहायचं काम माझं. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून बाबा वहीचा कोरा कागद पुढे करायचे आणि मी शाळेत शिकवल्याप्रमाणे "रिस्पेक्टेड सर"पासून "युवर्स ओबीडियंटली"पर्यंत सगळं सुवाच्य अक्षरात उतरवायचे. खिडकीपाशी बाबा बोलायचे, मी त्यांच्या मागे उभी राहायचे. मला ही वाटणी फार आवडायची. घरात कुणी मला बोलायला लावत नव्हतं, आणि तरी माझ्यावाचून काम अडत होतं.

पुढे सगळं फोनवर आलं. अर्ज गेला. आता तिकीटही मीच काढते आणि स्टेशनही मीच बदलते, सातिवलीच्या आमच्या छोट्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता.

गेल्या मे महिन्यात मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावरचा तिचा पहिलाच प्रवास. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जा, पण पाय लांब करून झोपून जा. त्यामुळे तिचा खालचा बर्थ हीच त्या प्रवासातली खरी गोष्ट होती. तो मिळाला तेव्हा आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी बर्थ नंबर बघायला फोन उघडला. चढण्याचं स्टेशन: वलसाड. मी ते बदललं होतं, निदान मला तसं वाटत होतं. बहुतेक शेवटचं बटण दाबायच्या आधीच ऑफिसात कुणीतरी हाक मारली असणार. चार्ट आदल्या रात्रीच लागला होता, आता बदलता येत नव्हतं.

मी आधी आईला सांगितलं. आईने बाबांना सांगितलं. बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मग आता कुणाला तरी वलसाडला जाऊन चढायला लागणार."

"कोण जातला?" आई म्हणाली. "तुम्ही गेलात तर माका जिने कोण उतरवतला? आणि ह्या सामान?"

"मी जाते," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. साडेसात वाजले होते. गाडी वलसाडला दुपारी होती, वसईला संध्याकाळी. बाबांनी अर्ध्या दाढीने मला विरारहून सुटणाऱ्या पॅसेंजरची वेळ सांगितली आणि म्हणाले, "वसईला डबा कुठे थांबेल ते मला माहीत आहे. तू फक्त आत बस आणि जागा सोडू नकोस."

पॅसेंजरचं तिकीट इतकं स्वस्त निघालं की मी खिडकीवरच्या माणसाला वलसाडच ना, असं विचारावंसं वाटूनही विचारलं नाही, बाजूला होऊन तिकिटावर वाचून घेतलं. त्याच रुळांवरून, तेवढंच अंतर, सुपरफास्टने गेले असते तर याच्या दुप्पट तरी पैसे पडले असते. आणि आमच्या कुडाळच्या तिकिटात हाच पट्टा जवळजवळ फुकटात बसला होता.

डहाणूच्या पुढे मी कधी गेले नव्हते. घोलवडला दोन बायका चिकूच्या टोपल्या घेऊन चढल्या आणि उंबरगावला उतरल्या. वलसाडला मी पोळी-भाजी खाल्ली, दोनदा प्लॅटफॉर्म नंबर तपासला, आणि गाडी आली तेव्हा आमच्या डब्यासमोर उभी होते. आईच्या बर्थवर एक काका बॅग ठेवून बसले होते.

"कोणी आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हणाले. ते उठले. एवढं सोपं असतं, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

पण टीसीची धास्ती होती. तो येऊन "बाकीचे दोघे कुठे?" असं विचारणार, आणि मी नेहमीसारखी अर्धं वाक्य बोलून गप्प होणार. तेवढ्यात तो बर्थ त्या काकांना गेलेलासुद्धा असणार. मी पर्समधली डायरी काढली, एक पान फाडलं आणि लिहायला घेतलं. गाडी पार नदीचा पूल ओलांडत होती, अक्षर जरा हललं. "रिस्पेक्टेड सर."

टीसी मराठी निघाले, निवृत्तीला आलेले. त्यांनी विचारायच्या आत मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला.

"ओबीडियंटली पण लिहिलंय," ते म्हणाले. मग, "वसईची माणसं, तर वसईहून का नाही काढलं?"

"मिळत नाही."

"आणि बर्थसाठी तुम्ही एवढ्या वर आलात?"

"आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"ते लिहिलंय तुम्ही, तिसऱ्या ओळीत." त्यांनी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. "असा अर्ज हातात येऊन बरीच वर्षं झाली. वसईपर्यंत थांबतो. तिथे दोघं दिसली नाहीत तर मात्र मी काही करू शकणार नाही."

मग मी खिडकीपाशी बसले. समोरचे दोन्ही बर्थ रिकामे, आमचे. दमणगंगा गेली, कापलेली गवतं गेली, चिकूच्या बागा उलट्या बाजूने परत आल्या. इतकी वर्षं आमच्या नावाच्या जागा इथून रिकाम्या येत होत्या, आणि त्यातली एकही कधी कुणी वापरली नव्हती. मी पाय वर घेऊन बसले. वैतरणेच्या पुलावर ऊन पाण्यावर तिरपं पडलं होतं.

वसईला टीसी माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले. गाडी हळू झाली आणि बाबा दिसले, दार थांबेल तिथेच, एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने बॅगेला धरून. मी ओढणी हलवली, पण त्याची काही गरज नव्हती. आईला वर घेताना टीसींनी तिचा एक हात धरला आणि तिला सीटपर्यंत पोचवलं. मग यादीवर दोन खुणा करून ते पुढच्या डब्यात गेले.

आईने पाय लांब केला, गुडघ्याखाली चादरीची घडी घातली आणि डोळे मिटले. पनवेल यायच्या आधीच तिला झोप लागली.

बाबा माझ्या शेजारी येऊन बसले. मग हळूच विचारलं, "कसा आहे गं तो रस्ता? इतकी वर्षं पैसे भरतोय, कधी बघितला नाही."

मी त्यांना सांगायला लागले. आधी पार नदी, मग दमणगंगा, मग घोलवडच्या बागा. एका दमात इतकं मी त्यांच्याशी क्वचितच बोलले असेन. ते मध्येच थांबवून विचारत होते, पूल कुठल्या बाजूला, चिकू काय भावाने, आणि मी सगळ्याची उत्तरं देत होते.