चिंचपोकळीच्या पुलावरचं गाऱ्हाणं

देवावर रागवायचं नसतं, असं आमच्या घरात कुणी शिकवलं नाही. आम्ही मालवणकडचे, लालबागला चाळीत राहणारे. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे हात जोडून मोठ्यानं तक्रारच सांगतात, आणि आजूबाजूचे लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून तिला दुजोरा देतात. पण त्या दिवशी मी जे बोललो ते गाऱ्हाणं नव्हतं, भांडण होतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती ते दिवस. माझी एक छोटी डिझेलची लॉरी होती, मागून उघडी. मोर्च्याच्या लोकांना चाळीचाळीतून गोळा केलेल्या भाकऱ्या याच लॉरीनं पोचवल्या होत्या. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढे त्याच चळवळीतल्या पोरांनी मला फितूर म्हणावं, याचा संताप कुणालाही कळेल.

माझी धाकटी बहीण गिरगावात दिलेली. पहिलं बाळंतपण. हरताळाच्या आदल्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या, म्हणून आईला घेऊन मी तिकडे गेलो आणि रात्री तिथंच राहिलो. सकाळी सुइणीनं हात टेकले. शेजारचे डॉक्टर आले, म्हणाले, मूल आडवं आहे, ऑपरेशन लागेल, परळच्या मोठ्या इस्पितळात न्या, आणि आडवंच न्या, हिसके बसू देऊ नका. रुग्णवाहिका मिळेना, रस्ते बंद. ट्राम, बस काहीच नाही. मी लॉरीत दोन गाद्या घातल्या, आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, मेहुणे पायांशी बसले, आणि आम्ही निघालो.

सात रस्त्याच्या चौकापर्यंत गाडी नीट चालली. मग दम खाऊ लागली. पाय दाबावा तर वेग वाढायच्याऐवजी कमीच होई. मला तिथंच समजलं आणि डोक्यात आग पेटली. डिझेलच्या गाडीत टाकीतून इंजिनाकडे डिझेल ओढून आणणारा एक छोटा पंप असतो, त्यात रबरी पडदा. तो फाटला की डिझेलला जोर राहत नाही. सपाटीवर गाडी कशीबशी रांगते, चढावर मान टाकते. हाच पडदा नायगावच्या एका गॅरेजवाल्यानं ‘नवा घातलाय, दोन वर्षं बघायला नको’ म्हणून मला सांगितलं होतं. चिंचपोकळीच्या पुलाचा चढ लागला आणि अर्ध्यावर इंजिन बंद पडलं.

उतरून बॉनेट उघडलं. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारून पाहिला. धार यायला हवी तिथं नुसता फेस आणि दोन थेंब. पंप खोलला. पडदा जुनाच होता, चिरलेला, वर काळा रंग फासलेला! मागून बहिणीचं कण्हणं ऐकू येत होतं. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून एक गृहस्थ ओरडले, “आज हरताळ आहे, गाडी काढलीच कशाला? लाज नाही वाटत?” मी ओरडून कारण सांगितलं तोवर त्यांनी दार लावून घेतलं होतं.

तेव्हा माझा तोल गेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून मी आमच्या गावच्या देवाला, रवळनाथाला हाक मारली. “बा देवा म्हाराजा! दर वर्षी तुझ्या पायांशी येतो. गाडी दुरुस्त झाली तेव्हा पहिला नारळ तुला फोडला. त्या चोराला तू गॅरेज चालवू देतोस, आणि माझी बहीण इथं रस्त्यावर मरणार? हा तुझा न्याय? आहेस का तू तरी, की तुझाही आज हरताळ आहे?”

“व्हय म्हाराजा!” मागून कुणीतरी म्हणालं.

मला वाटलं चेष्टा आहे. मूठ आवळूनच वळलो. साठीचा एक माणूस, धोतर, डोक्याला टॉवेल, उन्हात पायी चालून घामेघूम. त्याचा चेहरा अजिबात हसरा नव्हता. त्यानं लॉरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “झिला, माका गाडीतला काय एक कळणा नाय. हात व्हये आसत तर सांग.”

आणि हातच तर हवे होते. पंप मेला तर डिझेल उंचावरून सोडायचं, ते स्वतःच्या वजनानंच खाली उतरतं, तेवढा जोर इंजिनाला पुरतो, हे मला ठाऊक होतं. डबा होता, रबरी नळीही होती, पण नळी आखूड. टपावर डबा बांधला तर ती पोचेना. कुणीतरी चाकावरच्या मडगार्डवर इंजिनाशी खेटून बसून डबा डोक्याच्या उंचीला धरायला हवा होता. मेहुण्यांना बहिणीचे पाय सोडून उठता येईना. हे मी सांगितलं, तर तो माणूस धोतर खोचून मडगार्डवर चढलासुद्धा. टाकीतलं डिझेल डब्यात काढलं, नळीतून डिझेल तोंडानं ओढून ती फिल्टरला जोडली, हवा काढली. दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं.

त्यानं एक कोपर खिडकीच्या चौकटीत अडकवलं होतं आणि दोन्ही हातांनी डबा वर. खड्डा आला की डिझेल हिंदकळून त्याच्या दंडांवरून, डोळ्यांत. मी हळू केली की म्हणे, “थांबू नको, चल तू.” लालबागच्या नाक्यावर पोरांनी दगड उचलले, “फितूर! फितूर!” म्हणून. मी काही बोलायच्या आत तो वरून गरजला, “बाळंतीण आसा गाडीत! वाट सोडा!” पोरं बाजूला झाली. दोघं तर पुढे पळत रस्ता मोकळा करत गेली.

इस्पितळात बहिणीला लगेच आत घेतलं. मी बाहेर आलो तेव्हा तो नळाखाली डोळे धूत होता. त्याच्या पाया पडणार, तर त्यानं विचारलं, “पुरुषांचो वार्ड खंयसर आसा रे? माझो झील थंय आसा. काल पायाक गोळी लागली.”

मी म्हटलं, “बाबा, वाटेत सांगितलं का नाही?”

“तू आधीच देवाबरोबर भांडत होतंस. तुका आणखी काय सांगू?”

मी त्याला वॉर्डापर्यंत नेलं. मुलगा शुद्धीवर होता. पाय मात्र गुडघ्याखाली राहिला नव्हता. आपल्या भाषेचं राज्य मागितलं म्हणून विशीतल्या पोराचा पाय जावा, याचा राग मला आजही येतो. तो राग देवानं काढून घेतला नाही, आणि मीही तसं मागत नाही. संध्याकाळी भाची झाली, बहीण वाचली, हे खरं. पडदा कुणी फाडला आणि माणूस कुणी धाडला, याचा हिशेब लावायला मी बसत नाही. इतकंच कळतं, की आपले उपाय संपतात तिथं कुणीतरी स्वतःचं दुःख गिळून उभं राहतं. त्या क्षणी त्याच्या हाती सगळं सोपवून नुसती गाडी चालवायची असते.

त्या दिवशी तो म्हातारा मुलाजवळ बसल्यावर मी त्याच्यासाठी चहा आणला. त्यानं कप घेतला, पण डबा धरून आखडलेले हात वर उचलेनात. मी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी त्याच्या ओठांना लावली. डोळे मिटून तो घोट घोट पीत राहिला.