उसाच्या फडातला उपवास

गावात दिवाळी झाली की आमची भांडी पोत्यात जायची. आष्टीकडं आम्हाला स्वतःचं रान नव्हतं. आईबाप ऊसतोडीला जायचे आणि पाठोपाठ मी, भाकरी थापायला नि धाकट्याला सांभाळायला. शाळा तेवढे दिवस बंद. नाताळ फडावरच, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत व्हायचा. लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, तेही तिथंच सुरू व्हायचे. चर्च लांब. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, आई चुलीतलीच चिमूटभर राख आमच्या कपाळाला लावायची.

बाप हसायचा. म्हणायचा, आपला तर बारा महिने लेंटच हाय, आणिक येगळा काय धरायचा? त्याचं खोटं नव्हतं. दूध नाही, मटण नाही, सोडायचं काय? आईनं मात्र जे भरपूर होतं तेच शोधून काढलं. ईस्टरपर्यंत ती उसाचं कांडं तोंडात घालायची नाही. दिवसभर ऊस तोडायची, मोळ्या वाहायची, रसानं हात चिकट व्हायचे, आणि तहान लागली की नुसतं पाणी प्यायची. आम्हा पोरांवर सक्ती नव्हती.

शेजारच्या कोपीतली नांदूरघाटची बाई तिला चिडवायची, "काय गं, तुझ्या येशूनं सांगितलंय व्हय, उसात राहून ऊस खाऊ नको म्हणून?"

"न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "पण मिळतच न्हाई ते कुणीबी सोडतंय. माझ्या हातानं सोडावं असं एवढंच हाय माझ्याजवळ."

मी सातवीत गेले त्या साली तिनं मला आष्टीत मावशीकडं ठेवलं. आता शाळा बुडाली तर पोरगी कोयत्यालाच लागंल, एवढंच बोलली. बापानं विचारलं, भाकरी कोण थापणार? ती म्हणाली, मी थापीन.

मावशीकडं पोटभर जेवण होतं. तरी मला कोपीतला धूर आठवायचा. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये पाळकांनी राख लावली, चाळलेली, मऊ. आईच्या राखेत कोळशाची कच असायची, कपाळाला टोचायची. मला तीच हवी होती. मग आईसारखं करायचं म्हणून मी चहातली साखर सोडली. पुढं रात्रीची भाकरीही सोडली. अभ्यासात ध्यान लागेना, आणि एक दिवस शाळेतच चक्कर येऊन पडले. मावशीनं फडावर आईला फोन लावून सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

आई रागावली नाही. म्हणाली, "औंदा मी ऊस खातेय."

मला खरं वाटेना. "कावून?"

"तू जवळ न्हाईस, तेवढा उपास मला लई झाला. त्याच्यावर आणिक रचायचा न्हाई. देवाला मोडलेलं माणूस नको असतंय, बाई. तू बी जेव. जेवून अभ्यासाला बस."

मी फोन ठेवला आणि जेवले. मावशीनं वाढलं तेवढं सगळं.

आता घरी गॅस आहे, त्याची राख होत नाही. राखेचा बुधवार आला की हात आपोआप कपाळाकडं जातो, आणि ती कच सापडत नाही. आई जवळच बसलेली असते, तरी आठवण येते ती त्या कोपीतल्या आईची.

मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. चौसाळ्याला नोकरी करते. आईबाप माझ्याजवळ राहतात. आमच्या घरातलं आता कुणीही ऊसतोडीला जात नाही.